काचेची राख

त्या शनिवारी संध्याकाळी मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा. सात वाजून गेले तरी भिंतीवर ऊन होतं. लांब कुठेतरी सुरुंग उडवल्यासारखा आवाज झाला. एकदा झाला, मग थोडं थांबून आणखी दोनदा. कानाला ऐकू आला त्यापेक्षा छातीत जास्त जाणवला. स्वयंपाकघराच्या खिडकीची तावदानं थरथरली.

माझी आठ वर्षांची मुलगी दारात आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. “मम, वॉज दॅट थंडर?”

“खाणीत सुरुंग लावला असेल,” मी म्हटलं आणि कपड्यांची टोपली उचलली. मग वाटलं, ऑकलंडमध्ये शनिवारी संध्याकाळी सुरुंग कोण लावेल?

माझ्या डोक्यात पहिली खाणच यायची. मी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. दोन वर्षं सह्याद्रीच्या घाटांमध्ये हातोडी घेऊन फिरले, काळ्या खडकांचे तुकडे पिशवीत भरून आणले. तो सगळा काळा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. थंडगार, मेलेला. जिवंत ज्वालामुखी बघायला मिळावा म्हणून तर मी न्यूझीलंड निवडलं होतं. इथे आणखी एक पदविका घेतली, अर्ज केले, आणि शेवटी फळांच्या रसाच्या गोदामात गुणवत्ता तपासणीचं काम मिळालं. परदेशातून पिंपांमधून घट्ट रस येतो, तो आंबलेला नाही ना हे मी बघते. नवरा आयटीत. आम्ही ऑकलंडच्या अवोन्डेल भागात राहतो. बारा वर्षं झाली.

घरात येऊन फोन पाहिला तर पुण्याच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर एक चित्रफीत आली होती. उपग्रहावरून घेतलेली, काही सेकंदांची. निळा समुद्र, आणि त्यातून राखाडी ढग फुटून गोल गोल पसरत जातो. त्याच्या कडेने हवेतून एक लाट धावते, तीही दिसते. टोंगाजवळ समुद्राखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक. मी ऐकलेला आवाज तिथला होता. दोन हजार किलोमीटरवरून तो चालत माझ्या अंगणात आला होता.

मी ती चित्रफीत किती वेळा पाहिली ते मला आठवत नाही. उभ्याउभ्याच पाहत होते. पुस्तकात शिकलेलं सगळं त्यात होतं, एकेक टप्पा बोटाने दाखवता आला असता. मी ग्रुपवर लिहिलं, “काय सुंदर आहे हे.” हे मी लिहिलं, आणि लिहून कुणाचं उत्तर येतंय याची वाट पाहिली.

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. “तिथे माणसं राहतात ना?” तो म्हणाला. “तुझी ताई तिथलीच ना?”

ताई म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी टोंगन बाई. गोदामात ती फोर्कलिफ्ट चालवायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, रुंद खांद्यांची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला कुठलं पिंप कुठे ठेवतात ते कळत नव्हतं तेव्हा तिने तिच्या जेवणाच्या सुट्टीत सगळं गोदाम फिरून दाखवलं होतं. मी तिला ताई म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “आमच्याकडे ताही म्हणजे समुद्र. तू मला समुद्र म्हणतेस.” पुढे सगळं गोदाम तिला ताई म्हणायला लागलं.

तिचे वडील आणि धाकट्या भावाचं कुटुंब टोंगाच्या एका लहानशा बेटावर राहायचं. मला हे माहीत होतं. दर सोमवारी ती मला वडिलांचं काहीतरी सांगायची. तरी त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारेपर्यंत मला ती आठवली नव्हती.

मी फोन हातात घेतला तेवढ्यात तिचाच निरोप आला. “वडिलांचा फोन लागत नाही. कुणाचाच लागत नाही.”

रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे बाजारात गेले. अवोन्डेलच्या त्या बाजारात आम्हाला मेथी आणि कोथिंबीर मिळते, आणि बेटांवरच्या लोकांना त्यांचे कंद आणि नारळ. त्या दिवशी कंदांच्या टेबलांवर माल मांडलेला होता, पण विकायला कुणी उभं नव्हतं. सगळे एका गाडीच्या उघड्या दारापाशी जमले होते आणि आत रेडिओ चालू होता. मी भाजी न घेताच परतले आणि ताईला फोन केला.

“चर्चच्या हॉलवर ये,” ती म्हणाली. “तू दगडांचं शिकलेली आहेस. इथे म्हातारी माणसं विचारताहेत, त्यांना काहीतरी सांग.”

हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. रात्रीपासून प्रार्थना चालली होती. ताईने मला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि मी बोलेन ते ती त्यांच्या भाषेत सांगू लागली. एका आजींनी विचारलं, पाण्याखाली आग विझत कशी नाही?

मी म्हटलं, ती आग नसते. समुद्राचा तळ एका बाजूने पृथ्वीच्या पोटात सरकत जातो. जाताना पाणी बरोबर नेतो, आणि त्या पाण्यामुळे खालचा खडक वितळायला लागतो. तो वितळलेला शिलारस वर येतो, त्यात वायू कोंडलेला असतो. खोल समुद्रात फुटला तर वरच्या पाण्याचं वजन त्याला दाबून ठेवतं. हा ज्वालामुखी मात्र फार खोल नव्हता. “कढईत तेल कडकडीत तापलंय आणि त्यात पाणी पडलं तर काय होतं?” मी विचारलं. ताईने ते सांगितलं. बायकांनी माना हलवल्या. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला ते माहीत होतं.

मग मागे बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले. ते ताईच्याच बेटावरचे. त्यांनी सरळ इंग्रजीत विचारलं, “आमच्या बेटाचं काय झालं असेल?”

मला ठाऊक होतं. सकाळीच मी फोनवर नकाशा उघडून पाहिलं होतं. बेट ज्वालामुखीपासून किती दूर, किनारा कुठल्या बाजूला, घरं पाण्यापासून किती अंतरावर. वाळूच्या पट्ट्यावर एका ओळीत घरं, आणि मागे एकच टेकाड. मला जे शिकवलं होतं त्यावरून लाटांनी तिथे काय केलं असेल हे कळायला एवढं पुरेसं होतं.

“ते मला नाही सांगता येणार,” मी म्हटलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य तिला त्यांच्या भाषेत सांगावं लागलं नाही, कारण तेवढं इंग्रजी सगळ्यांना येत होतं.

समुद्राखालून जाणारी केबल तुटली होती. सगळ्या देशाचा बाहेरच्या जगाशी संबंध त्या एका तारेवर होता. तीन दिवस ताई कामावर येत राहिली. घरी बसून करायचं काय, म्हणायची. फोर्कलिफ्टवर चढण्याआधी फोन लावायची, उतरल्यावर लावायची. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली आणि तिचा फोन समोर ठेवला. विमानातून काढलेले फोटो प्रसिद्ध झाले होते.

“हे आमचं बेट आहे,” ती म्हणाली. “मला काही ओळखू येत नाही. तू बघ.”

फोटो रंगीत होता, पण त्यात रंगच नव्हता. सगळं करडं. मी मोठा करून पाहिला. टेकाडावरची झाडं उभी होती. खाली वाळूच्या पट्ट्यावर काही फिकट चौकोन दिसत होते.

“हे काय?” तिने विचारलं.

“घरांच्या खालचं काँक्रीट.”

“आणि घरं?”

तिने टोकाकडून चौकोन मोजले आणि एकावर बोट ठेवलं. ते बोट तिने बराच वेळ उचललं नाही. मग म्हणाली, “रविवारी तुला माहीत होतं.”

“हो.”

“पुढच्या वेळी सांगायचं,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. डबा न उघडताच ती कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी उपग्रहाच्या फोनवरून चर्चमार्फत निरोप आला. वडील, भाऊ, भावजय, पुतणी, चौघंही जिवंत होती. सगळ्या बेटाला बोटीने मुख्य बेटावर आणून एका हॉलमध्ये ठेवलं होतं. ताईने ही बातमी सांगितली तेव्हा गोदामातल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी तिला मिठी मारली. त्या क्षणी मला वाटलं, सुटलो.

त्या आठवड्यात आम्ही पिंपं धुतली. तिथे छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत साठवतात, आणि सगळी छपरं राखेने भरली होती. प्यायला पाणी नव्हतं. ऑकलंडमधली सगळी टोंगन कुटुंबं निळ्या पिंपांमध्ये सामान भरून जहाजाने पाठवत होती. आमच्या मॅनेजरने रसाची रिकामी पिंपं देऊन टाकली. मी, माझा नवरा, ताई आणि तिच्या दोन जावा शनिवारभर गोदामाच्या मागे गरम पाण्याने ती खंगाळत होतो. कितीही धुतलं तरी सफरचंदाचा आंबूस वास जाईना. त्यात पाण्याच्या बाटल्या, पीठ, मांसाचे डबे, साबण, चादरी. माझी मुलगी बरोबर आली होती. तिने स्वतःच्या नव्या जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, काढून एका पिंपात टाकल्या. “दे मस्ट हॅव लॉस्ट हीप्स ऑफ जॅन्डल्स,” ती म्हणाली. ताईने त्या बाहेर काढून तिच्या पायांशी ठेवल्या. मुलीने पुन्हा आत टाकल्या. मग ताईने राहू दिल्या. दिवसभर मुलगी अनवाणी फिरली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ताईला भावाशी पाच मिनिटं बोलता आलं. वडील खोकत होते. थांबत नव्हता खोकला. हॉलमध्ये धूळ, बाहेर धूळ, वारा सुटला की सगळी राख पुन्हा वर उठायची. त्यातच कोविड तिथे पोचला होता आणि सगळं बंद करण्यात आलं होतं.

“राखेने काय होतं?” तिने मला विचारलं. “चुलीची राख आम्ही लहानपणी दाताला लावायचो. तिने काय होणार?”

पुढच्या वेळी सांगायचं, हे तिचं बोलणं मला आठवत होतं. मी म्हटलं, “ताई, ही ती राख नाही. काही जळून झालेली नाही. शिलारस फुटून त्याचे बारीक कण झाले आणि हवेत थिजले. ती काच असते. पिठाएवढी बारीक केलेली काच.”

“त्यांच्या छातीत काच आहे.”

“थोडी गेली असेल. म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो.”

तिने मान डोलावली. त्यानंतर मी तिला फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या श्वास आत ओढताना पाहिलं, जणू आत काही टोचतं का ते तपासत होती. खरं सांगून मी काय साधलं हे मला अजूनही कळलेलं नाही. लपवलं तेव्हाही चुकले होते, आणि सांगितलं तेव्हा तिची झोप गेली.

दोन आठवड्यांनी वडील गेले. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. उद्रेकात मेलेल्यांमध्ये त्यांची मोजणी झाली नाही. टोंगाची सीमा बंद होती, विमानं नव्हती, आणि केबल अजून जोडली गेली नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी माझी आई पुण्यात कोविडने गेली. तेव्हा इथून बाहेर पडलं तर परत कधी येता येईल याची खात्री नव्हती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करून वैकुंठ स्मशानभूमीतला अंत्यविधी पाहिला. चित्र मधेमधे थांबत होतं. मला तेव्हा वाटलं होतं, याहून वाईट काही असूच शकत नाही. ताईला ते थांबणारं चित्रसुद्धा मिळालं नाही. भावाने उपग्रहाच्या फोनवर सांगितलं, पुरलं, आणि मागे रांगेत आणखी लोक उभे होते म्हणून फोन ठेवला.

ती कामावर आली ती काळे कपडे घालून, कमरेभोवती जुनी विणलेली चटई गुंडाळून. त्यांच्यात सुतकात तशी पद्धत आहे. वरून गोदामाचं चकाकतं पिवळं जाकीट. त्या चटईसकट फोर्कलिफ्टवर बसायला जमेना, म्हणून मॅनेजरने तिला माझ्या टेबलावर बसून नोंदी करायचं काम दिलं. आम्ही समोरासमोर बसायचो.

एप्रिलमध्ये तिचा भाऊ किवीफळांच्या हंगामासाठी ऑकलंडपासून तीन तासांवरच्या टौरंगाला आला. दरवर्षी बेटांवरून माणसं या कामाला येतात; सीमा बंद असली तरी या मजुरांना खास परवानगीने सोडत होते. रविवारी मी ताईला गाडीतून घेऊन गेले. मजुरांच्या वसतिगृहाबाहेर लाकडी बाकं होती, तिथे आम्ही बसलो. भाऊ पस्तिशीचा असेल. बहिणीसारखेच रुंद खांदे, पण अंगातलं मांस उतरलेलं. त्याने आधी आम्हाला चहा आणून दिला. ताईने त्याच्यासाठी शिजवून आणलेला डबा उघडला. मी उठून लांब जायला निघाले तर ताई म्हणाली, “बस. तूही ऐक.”

तो आधी बहिणीशी त्यांच्या भाषेत बोलत होता. मग माझ्याकडे पाहून इंग्रजीत बोलू लागला. मला वाटतं, परक्या भाषेत त्याला सांगणं सोपं जात असावं.

“पहिला आवाज झाला तेव्हा कान बंद झाले,” तो म्हणाला. “बायको ओरडत होती, तोंड हलताना दिसत होतं, आवाज नव्हता. मग समुद्र आला. पहिली लाट गुडघ्यापर्यंत. स्वयंपाकाची खोली गेली. मी पाहिलं, पुढची मोठी होती.”

“मग?” ताई म्हणाली.

“मुलगी चार वर्षांची आहे. बाबांना काठीशिवाय चालता येत नव्हतं. मला दोघांना उचलता आलं नसतं. मी प्रयत्न केला. उचललं आणि पडलो.” तो थांबला. “बाबा म्हणाले, तिला ने. मी मुलीला घेतलं आणि टेकाडावर पळालो. बायको पुढे होती. तिच्या हातात मुलगी दिली आणि परत खाली आलो. लाट मध्ये येऊन गेली होती.”

ताईने हातातला डबा बाकावर ठेवला.

“ते एका झाडाला धरून उभे होते. दोन्ही हातांनी. नखं सालीत रुतली होती. मला त्यांची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पाठीवर घेऊन वर आलो, तोवर काळोख झाला. संध्याकाळच होती, पण स्वतःचा हात दिसेना. वरून खडे पडत होते, मग राख. चटईखाली आम्ही चौघं बसलो. ते पाण्यात बुडाले होते, ताई. किती वेळ, मला माहीत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.”

तोही तिला ताई म्हणाला. ती फोनवर त्याला आमच्या गोदामाच्या गोष्टी सांगत असेल.

“तू त्यांना सोडून गेलास हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.

“पाच मिनिटं मिळायची,” तो म्हणाला. “पाच मिनिटांत काय सांगू?”

वसतिगृहाच्या आत कुणीतरी गिटार वाजवत होतं. ताई बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने डबा पुन्हा उचलला, त्याच्यासमोर सरकवला आणि म्हणाली, “जेव.” त्याने तिच्यासमोर सगळं संपवलं.

परतताना घाट लागला. वर पोचल्यावर ताई म्हणाली, “मी पण मुलीलाच नेलं असतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण मी तिथे असते तर दोघांना नेता आलं असतं. एक माझ्या पाठीवर, एक त्याच्या.”

त्या वर्षी हिवाळ्यात इथे संध्याकाळचं आभाळ कित्येक दिवस जांभळं, लालभडक व्हायचं. लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. उद्रेकाने वातावरणाच्या वरच्या थरात जे फेकलं होतं त्यामुळे ते होत होतं. गोदामातून सुटल्यावर ताई खाली बघत गाडीपर्यंत चालायची. मीही तिच्याबरोबर खाली बघत चालायचे.

सीमा उघडल्यावर ती टोंगाला जाऊन आली. बेटावर आता कुणी राहत नाही. सरकारने मुख्य बेटावर आतल्या बाजूला जमीन दिली, तिथे ओळीने घरं बांधली आहेत. तिथून समुद्र दिसत नाही. भाऊ मासेमारी सोडून हंगामापुरता टौरंगाला येतो, फळं काढतो, परत जातो. पुतणी शाळेत जाऊ लागली आहे. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ती अजून टेबलाखाली जाऊन बसते, आणि तो थांबेपर्यंत आई तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहते.